पादिराकचे विवर

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील लॉत जिल्ह्यात, दॉर्दोन्य नदीच्या दक्षिणेस पसरलेल्या ‘कोस द ग्रामा’ या चुनखडकाच्या पठारावरील एक विशाल नैसर्गिक विवर व त्याच्या तळाशी वाहणारी, होडीतून पाहता येणारी भूमिगत नदी. विवराचे मुख सुमारे ३५ मी. व्यासाचे असून तळ ७५ मी. खोल आहे, तेथून आणखी उतरत गेल्यावर, पृष्ठभागापासून सुमारे १०३ मी. खोलीवर, नदीचा प्रवाह लागतो. पठारावर मात्र पाण्याचे दुर्भिक्ष जाणवते, कारण ज्युरासिक कालखंडातील हा खडक भेगाळलेला असल्याने पाऊस वर न ठरता आत झिरपतो, मातीतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे किंचित आम्लधर्मी झालेले ते पाणी चुनखडक विरघळवीत जाते आणि या मंद झिजेतून भुयारे, दालने व प्रवाहमार्ग कोरले जातात. अशाच एका दालनाचे छत ढासळून हे विवर उघडे पडले.

संत मार्तिनास अडविण्यासाठी सैतानाने टाच आपटली आणि भूमी दुभंगली, संतांचे खेचर मात्र ती फट एका झेपेत ओलांडून गेले, अशी आख्यायिका त्या मुलखात सांगतात. दारूगोळ्यास लागणारा सोरा काढण्यासाठी पूर्वी काही माणसे विवरात उतरत असत. परंतु नदीचा शोध लावण्याचे श्रेय पॅरिसचे कायदेपंडित एद्वार-आल्फ्रेद मार्तेल (१८५९–१९३८) यांचे आहे. ९ जुलै १८८९ रोजी गाब्रिएल गोपिया, कुलुपे घडविणारे कारागीर लुई आर्मां व आणखी एक सहकारी यांच्यासह दोराने व दोरशिडीने ते तळाशी पोहोचले आणि पाणी लागताच त्यांनी घडीची कापडी होडी खाली मागवून घेतली. मेणबत्त्यांच्या प्रकाशात मार्तेल व गोपिया त्या नावेतून पुढे गेले. वाटेत चुन्याच्या साक्याने बांधले गेलेले नैसर्गिक बंधारे आडवे येत, तेव्हा प्रत्येक वेळी उतरून, नाव उचलून, पलीकडच्या पाण्यात सोडावी लागे. दुसऱ्या वर्षी अधिक सरंजामानिशी ते पुन्हा आले. गुहाविज्ञानाची पायाभरणी ज्या मोहिमांनी झाली त्यांत या दोहोंचे स्थान अग्रभागी आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

लोखंडी जिन्यांची तजवीज होऊन १८९८ मध्ये विवर लोकांस खुले झाले व १० एप्रिल १८९९ रोजी शिक्षणमंत्री झॉर्झ लेग यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झाले. आज जिन्याने किंवा उद्वाहकाने खाली गेल्यावर धक्क्यावर सपाट तळाच्या होड्या उभ्या असतात. आतील तापमान बारमाही सुमारे १३° से. असते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही अंगावर गरम वस्त्र असावे. नावाडी होडी ढकलतो आणि सुमारे अर्धा किलोमीटर, दोन्ही बाजूंच्या सरळ उभ्या भिंतींमधून, जवळजवळ निश्चल भासणाऱ्या पाण्यावरून प्रवास होतो. तळ इतका स्वच्छ दिसतो की खोलीचा अंदाज हमखास चुकतो. ‘पर्जन्यसरोवर’ येथे छतातून अखंड ठिबकणारे थेंब पाण्यावर वर्तुळे उमटवितात आणि त्यांच्याच साक्यातून घडलेला, सुमारे ६० मी. लांबीचा अधोमुखी स्तंभ पाण्याला टेकण्याच्या बेतात लोंबत असलेला दिसतो. पुढचा मार्ग पायी आहे. तो ज्या महाघुमट-दालनात नेतो, त्याचे छत ९४ मी. उंच असून त्याच्या एका बाजूस, नदीच्या पातळीहून बऱ्याच उंचीवर, वरचे सरोवर आहे.

दृश्याची भव्यता निर्विवाद असली तरी पादिराकचे व तशा गुहांचे खरे मोल मार्तेल यांनी त्यांतून जे ताडले त्यात आहे. पठारावरचे शेतकरी मेलेली जनावरे विवरांत लोटून देत. १८९१ मध्ये अशाच एका अन्य विवराखालून निघणाऱ्या झऱ्याचे पाणी पिऊन मार्तेल स्वतः आजारी पडले व वर शोध घेता वासराचे कलेवर सापडले. चुनखडकातून गेलेले पाणी गाळून शुद्ध होते ही समजूत भ्रामक आहे, हे त्यांनी चिकाटीने प्रतिपादन केले आणि १५ फेब्रुवारी १९०२ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याने विवरांत मेलेली जनावरे टाकण्यास मनाई झाली. विवरांतील पाणी झऱ्यांतून पुन्हा बाहेर येते याचा दाखला पादिराकच्या नदीबाबत १९४७ मध्ये मिळाला: गुहासंशोधक गी द लावोर यांनी प्रवाहात सोडलेला रंग सुमारे ११ किमी. अंतरावर, मोंवालांनजीक दॉर्दोन्यकाठच्या झऱ्यांतून बाहेर आला. भुयारांचा मोजणी झालेला विस्तार आता ४० किमी.हून अधिक आहे; त्यातील जेमतेम दोन किलोमीटरच प्रवाशांस खुले आहेत.