पटले, तरी पाऊल का उचलत नाही?

सुरत शहरात २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम मेहताजी हे तिचे प्रवर्तक; मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्यावेळी तेथील इंग्रजी शाळेत होते व सभेत त्यांचे सहकारी होते. जातिभेद आणि मंत्रतंत्र विवेकाच्या कसोटीस लावावेत, हा सभेचा आग्रह. मांत्रिकांनी आपले सामर्थ्य सर्वांसमक्ष सिद्ध करावे, असे आव्हानही दुर्गारामांनी दिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला आणि सुरतेची जनता खवळून रस्त्यावर आली. तिला कोणी तर्कशास्त्र शिकविले नव्हते. मग केवळ बुद्धीला पटलेली गोष्ट माणसाला तितक्याच वेगाने हलवू शकते काय?

हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. अमुक कृतीने आपले इष्ट साधेल, असे कळले म्हणजे इच्छा उपजते व इच्छेतून प्रयत्न घडतो, असे नैयायिक म्हणतात. प्रभाकर मीमांसक मात्र ‘हे माझे कर्तव्य’ या ज्ञानालाच प्रवृत्तीचे कारण मानतात. युरोपात अठराव्या शतकात ह्यूम आणि कांट यांनी साधारण अशाच दोन बाजू घेतल्या.

दादोबांचे पुढील चरित्र या वादाची कसोटीच होय. १८४६ मध्ये ते मुंबईस आले आणि १८४९ मध्ये तेथे परमहंस सभा निघाली. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन सभासद जातिबंधन झुगारीत. पण दार लावून. सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत सारे गुप्त ठेवावयाचे होते. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे उघड होण्याच्या धास्तीने सभा विसकटली. दादोबांचे ‘धर्मविवेचन’ १८४३ मध्ये लिहिलेले. ते १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही टोपणनावाने.

या मंडळींचा विचार कच्चा नव्हता. आप्तांत मानाने राहण्याची इच्छा त्याहून बळकट होती, इतकेच. नैयायिकांचा पक्ष येथे खरा ठरतो. परंतु निर्णय एकतर्फी देता येत नाही. इष्टाची इच्छाच सर्व काही असती, तर बंद दाराआड तरी तो पाव कोणी कशाला खाल्ला असता? त्यात लाभ नव्हता, धोका मात्र होता. पटलेल्या सत्याने स्वतःची एक इच्छा निर्माण केली होती. ती अद्याप कोवळी होती. १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला, तेव्हा त्या इच्छेला सोबत मिळाली. विवेक मार्ग दाखवितो, चालण्याची ओढही लावतो. मात्र ती ओढ भीतीहून मोठी होण्यास काळ आणि सोबती लागतात.