निष्पादकाचे संपदा शुल्कविषयक दायित्व

मृत्युपत्रातील इच्छांची अंमलबजावणी करण्यासाठी मृत्युपत्रकर्त्याने नेमलेली व्यक्ती म्हणजे निष्पादक. मृताच्या मागे राहिलेल्या संपत्तीवरील संपदा शुल्क (मृत्युकर) चुकते करण्याचे दायित्व भारतात १९५३ ते १९८५ या काळात प्रामुख्याने त्याच्यावर होते. निष्पादक बहुधा मृताचा स्नेही वा आप्त असे. संपत्तीत त्याचा वाटा असेलच असे नाही. तथापि संपत्ती कायद्याने प्रथम त्याच्या हाती येत असल्यामुळे शासनही प्रथम त्याच्याकडेच वळे.

वारशावरील कर प्राचीन आहे. रोमन सम्राट ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये वारशांवर पाच टक्के कर बसविला होता. निष्पादकाचा कराशी थेट संबंध मात्र इंग्लंडमध्ये दृढ झाला. तेथे १६९४ मध्ये प्रोबेटवर मुद्रांक शुल्क आले आणि पुढे १८९४ मध्ये अर्थमंत्री विल्यम हारकोर्ट यांनी संपदा शुल्क लागू केले. निष्पादकाने संपत्तीचे शपथपत्र देताना जंगम मालमत्तेवरील शुल्क भरावयाचे, असा त्यातील दंडक होता.

हाच नमुना चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संमत झालेल्या भारतीय अधिनियमात उतरला. तो १५ ऑक्टोबर १९५३ रोजी अंमलात आला. निष्पादकाप्रमाणेच विश्वस्त व संपत्ती स्वीकारणारे वारसही त्यात उत्तरदायी होते. मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत नियंत्रकाकडे संपत्तीचा हिशेब सादर करावा लागे. निष्पादकाचे दायित्व हाती आलेल्या मालमत्तेपुरते मर्यादित होते. पण त्याची हयगय झाली नसती तर जी हाती आली असती, तीही त्यात धरली जाई. ही पुस्ती महत्त्वाची होती. वारसांच्या आग्रहास बळी पडून शुल्क भरण्यापूर्वीच वाटप करणाऱ्यास ती स्वतःच्या खिशापर्यंत नेऊ शके. शिवाय मृत्यूपूर्वीच्या दोन वर्षांत दिलेल्या देणग्याही सामान्यतः संपत्तीत मिळविल्या जात. मृताने कोणाला काय दिले, हे निष्पादकास पुष्कळदा ठाऊकही नसे.

प्रोबेटचा प्रश्न आणखी बिकट होता. शुल्कासंबंधी नियंत्रकाचे प्रमाणपत्र हजर केल्याखेरीज न्यायालय प्रोबेटचा आदेश देत नसे आणि ज्या ठेवींतून शुल्क भरावयाचे, त्या मिळविण्यास अनेकदा प्रोबेट लागे. हा पेच ओळखूनच शुल्क ‘भरले जाईल’ अशा आशयाचे प्रमाणपत्रही अधिनियमाने चालवून घेतले. स्थावर मालमत्तेवर शुल्काचा पहिला बोजा राही, त्यामुळे घर वा जमीन विकताना खरेदीदारही सावध असे. २० लाख रुपयांवरील भागास पुढे शुल्काचा दर ८५ टक्क्यांवर गेला, तेव्हा मोठ्या इस्टेटींच्या निष्पादकांचे काम विशेष अवघड झाले.

एवढा खटाटोप करून शासनाच्या हाती फारसे पडत नव्हते. १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंग यांनी वार्षिक उत्पन्न केवळ सुमारे २० कोटी रुपये असल्याचे व वसुलीचा खर्च तुलनेने अधिक असल्याचे दाखवून हे शुल्क रद्द केले. १६ मार्च १९८५ पासून घडलेल्या मृत्यूंना ते लागू राहिले नाही. त्यापूर्वीच्या मृत्यूंबाबत मात्र दायित्व कायम राहिले आणि अशी प्रकरणे पुढेही कित्येक वर्षे न्यायालयांत चालली.