एचआयव्ही आणि पती-पत्नीचे संबंध : संसर्गाचा धोका कधी असतो?

तुम्ही भिलाईत किंवा पाटण, धमधा भागातील एखाद्या गावात राहत असाल आणि तुमचा एचआयव्ही अहवाल पॉझिटिव्ह आला असेल, तर औषधांच्याही आधी मनात येणारा प्रश्न बहुधा हाच असतो : आता नवरा-बायकोचे संबंध ठेवायचे की नाही? संबंध ठेवता येतात. त्यात धोका किती, हे मुख्यतः तुमच्या रक्तातील विषाणूंच्या प्रमाणावर, म्हणजे व्हायरल लोडवर ठरते.

सरकारी एआरटी केंद्रात औषधे 2004 पासून मोफत मिळतात. 2017 पासून तर निदान होताच उपचार सुरू केले जातात. बहुतेक प्रौढांना दिवसातून एकच गोळी असते. ती न चुकवता घेतली, तर साधारण सहा महिन्यांत विषाणू दबतो. तो दबला की नाही, हे अंगात आलेल्या ताकदीवरून कळत नाही, त्यासाठी तपासणीच लागते. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी होते. आपला आकडा विचारून घ्या.

एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही, अशा 1,763 जोडप्यांवर नऊ देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात पुणे आणि चेन्नईही होते. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग 93 टक्क्यांनी घटला, आणि विषाणू स्थिरपणे दबलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला संसर्ग झाल्याचे आढळले नाही. म्हणजे व्हायरल लोड तपासणीत न सापडण्याइतका कमी असेल आणि तसाच टिकला असेल, तर लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. तोपर्यंत प्रत्येक वेळी निरोध वापरा. त्यानंतरही गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा टाळण्यासाठी निरोधाचा उपयोग आहेच. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. विषाणू दबल्यावर तेही शक्य आहे.

निरोध फाटला आणि तुमचा विषाणू अजून दबलेला नसेल, तर जोडीदाराने 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. जितके लवकर तितके चांगले. प्रतिबंधक औषध 28 दिवस घ्यावे लागते.

गावात खरी अडचण गोळीपेक्षा ती लपवण्याची असते. बाटली तांदळाच्या डब्यात दडवली, घरी पाहुणे आले, बाहेर काढता आली नाही, की गोळी चुकते. हे समुपदेशकाला लाज न बाळगता सांगा. प्रकृती स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. कामासाठी नागपूरला किंवा आणखी कुठे जाणार असाल, तर निघण्यापूर्वी आपल्या केंद्रातून बदलीचे पत्र घ्या.

जोडीदाराला सांगायचे कसे?

एचआयव्ही व एड्स कायदा, 2017 नुसार तुमची माहिती गुप्त राहते. मात्र समुपदेशनानंतर संसर्ग टाळण्याची वाजवी काळजी घेणे तुमच्यावरही बंधनकारक आहे. जोडीदाराला मोठा धोका असेल आणि तुम्ही सांगणार नाही असे दिसले, तर डॉक्टर किंवा समुपदेशक तुम्हाला आधी कळवून जोडीदाराला सांगू शकतात. पण त्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर त्यांनी सांगू नये, अशी कायद्यात तरतूद आहे. तिचा उल्लेख विशेषतः स्त्रियांसाठी आहे. अशी भीती असल्यास पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. दोघांनी एकत्र येऊन समुपदेशन घेता येते आणि जोडीदाराची तपासणीही मोफत होते.

जवळचे केंद्र कोणते, हे 1097 या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास विचारता येते.