राणीचें घड्याळ आणि मजुराचें घड्याळ

जवाहिऱ्याच्या दुकानांत कांचेखालीं दोन घड्याळें शेजारीं शेजारीं मांडलेलीं असतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या शंभरपट. आणि तरीहि दोन्ही सांगतात तें एकच, आतां किती वाजले. मग ग्राहक हा जादा पैसा मोजतो तो कशाचा? हा प्रश्न जुना आहे, आणि इतिहासानें त्याचीं उत्तरें वेळोवेळीं दिलेलीं आहेत.

पहिलें उत्तर पॅरिसचें. इ. स. १७८३ मध्यें अब्राहम-लुई ब्रेगे या विख्यात कारागिराकडे राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीं एक घड्याळ करण्याची मागणी आली. घड्याळविद्येंतील त्या काळची प्रत्येक करामत त्यांत असावी, शक्य तेथें सोनें वापरावें, पैशाला व मुदतीला मर्यादा नसावी, अशी ती मागणी होती. मुदत नसल्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. १७९३ त राणीचा शिरच्छेद झाला. १८२३ त स्वतः ब्रेगे निवर्तला. आणि घड्याळ पुरें झालें तें १८२७ त. तें अद्वितीय होतें, परंतु जिच्यासाठीं केलें तिला त्यावर एकदांहि वेळ पाहतां आली नाहीं.

दुसरें उत्तर स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या घड्याळजींच्या गांवचें. तेथें जॉर्ज फ्रेडरिक रोस्कॉफ यानें कामगाराला परवडेल असें घड्याळ करण्याचें मनांत घेतलें. ही निव्वळ दयाबुद्धि नव्हती. त्या शतकांत घटकेवर मजुरी ठरूं लागली होती. मालक गिरणीचें घड्याळ हवें तसें पुढें-मागें करतो, अशा तक्रारी इंग्लंडांतील कामगारांनीं केलेल्या आहेत. ज्याच्या खिशांत स्वतःचें घड्याळ नाहीं, त्यानें मालकाचा हिशेब पडताळावा तरी कसा?

रोस्कॉफनें स्वस्ताई साधली ती फसवणुकीनें नव्हे, विचारानें. मधलें चाक त्यानें काढून टाकलें, कमानीचा डबा मोठा केला, माणकांच्या जागीं पोलादाच्या बारीक खुंट्या बसविल्या, आणि भागांची संख्या सत्तावन्नावर आणली. सोन्याचांदीचें कवच सोडून साधी धातु घेतली. किंमत ठेवली २० फ्रँक. गांवच्या धंदेवाल्यांनीं नाकें मुरडलीं; परंतु १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याला कांस्यपदक मिळालें. पुढें १८९६ त अमेरिकेंत इंगरसोलचें घड्याळ एका डॉलरला विकूं लागलें.

तरीहि एक अभिमान मौल्यवान घड्याळाजवळ उरला होता, तो अचूकपणाचा. तोहि गेला. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सेको कंपनीनें क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारें मनगटी घड्याळ विक्रीस आणलें. महिन्याला पांच सेकंदांचीच चूक, पण किंमत साडेचार लाख येन! म्हणजे अचूकपणाहि प्रथम श्रीमंताघरींच आला. मात्र थोड्याच वर्षांत क्वार्ट्झ इतकें स्वस्त झालें, कीं साधें घड्याळ सोन्याच्या चावीच्या घड्याळाहून बिनचूक चालूं लागलें.

म्हणून आज दुकानांत महाग घड्याळ घेणारा कारागिराच्या हाताचें, धातूचें आणि नांवाचें मोल देतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. ब्रेगेची कारागिरी खरोखरच तेवढ्या मोलाची होती. पण बिनचूक वेळ हवी असेल, तर ती शेजारच्या स्वस्त घड्याळांतहि आहे. आणि ती तेथवर आणण्याच्या कामाचा आरंभ करणाऱ्यांत रोस्कॉफचें स्थान फार वरचें आहे.