स्लॉथवरील गोचिडी

स्लॉथवरील गोचिडी या मध्य व दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ या वृक्षवासी सस्तन प्राण्यांच्या रक्तावर जगणाऱ्या बाह्यपरजीवी गोचिडी होत. त्यांपैकी ॲम्ब्लिओमा व्हेरियम आणि ॲम्ब्लिओमा गेयी या दोन जाती प्रमुख आहेत. या जातींचे प्रौढ नर व माद्या मुख्यतः स्लॉथवरच आढळतात. त्यामुळे त्यांचा भौगोलिक प्रसार आणि त्यांचे अस्तित्व स्लॉथशी निगडित आहे.

भारतातील अस्वलाच्या इंग्रजी नावात ‘स्लॉथ’ हा शब्द असला, तरी या लेखातील स्लॉथशी त्याचा जवळचा संबंध नाही. स्लॉथ हे मुंगीखाऊ आणि आर्माडिलो यांचे नातलग असून ते भारतात आढळत नाहीत.

वर्गीकरण

दोन्ही जाती अष्टपाद वर्गातील इक्सोडिडी कुलात, म्हणजे कठीण गोचिडींच्या कुलात मोडतात. ॲम्ब्लिओमा या प्रजातीत शंभराहून अधिक जाती असून त्यांतील बऱ्याच अमेरिका खंडात राहतात. ॲ. व्हेरियम या जातीचे वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग कॉख यांनी १८४४ मध्ये केले, तर ॲ. गेयी या जातीचे वर्णन फ्रेंच परजीवीशास्त्रज्ञ नॉयमन यांनी १८९९ मध्ये केले.

वर्णन

ॲ. व्हेरियम ही जगातील सर्वांत मोठ्या गोचिडींपैकी एक मानली जाते. कठीण गोचिडींच्या पाठीवर ढालीसारखे कठीण कवच असते. नरात ते संपूर्ण पाठ व्यापते. मादीत मात्र ते पाठीच्या पुढील भागापुरतेच असते, त्यामुळे रक्त शोषताना तिचे उरलेले शरीर कित्येक पटींनी फुगू शकते. तोंडाजवळील दातेरी सोंडेसारखा अवयव त्वचेत रुतवून गोचीड यजमानाला घट्ट चिकटते. पायांच्या पहिल्या जोडीवरील संवेदी अवयवांनी तिला यजमानाचा गंध, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता यांची जाणीव होते.

जीवनचक्र

या गोचिडींच्या जीवनचक्रात अंडे, सहा पायांची अळी, आठ पायांची अर्भकावस्था आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. अळी, अर्भक व प्रौढ या प्रत्येक अवस्थेत गोचीड एका यजमानाचे रक्त शोषते. पहिल्या दोन अवस्थांत पोट भरल्यावर ती गळून पडते, कात टाकते आणि नवा यजमान शोधते. प्रौढ मादी पोटभर रक्त शोषल्यानंतर यजमानापासून सुटते, हजारो अंडी घालते आणि मरते.

प्रौढांचा यजमान बहुधा स्लॉथ असला, तरी अपक्व अवस्था इतर प्राण्यांवरही वाढू शकतात. ॲ. गेयीच्या अपक्व अवस्था पक्ष्यांवर आढळल्या आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांबरोबर अशी गोचीड दूर अंतरावर पोहोचू शकते, परंतु तेथे स्लॉथ नसेल तर तिचे जीवनचक्र पूर्ण होणे अवघड असते.

यजमान

स्लॉथचे दोन गट आहेत. तीन बोटांचे स्लॉथ ब्राडिपस प्रजातीत, तर दोन बोटांचे स्लॉथ कोलोइपस प्रजातीत मोडतात. ॲ. व्हेरियम ही गोचीड दोन्ही गटांवर आढळते. स्लॉथ आयुष्याचा बहुतेक काळ झाडाच्या शेंड्याकडील फांद्यांत घालवतो. तीन बोटांचा स्लॉथ साधारणतः आठवड्यातून एकदा मलविसर्जनासाठी जमिनीवर उतरतो. त्याची मंद हालचाल आणि दाट, लांब केस गोचिडींना आसरा देतात. याच केसांत शैवाल व पतंगही राहतात, परंतु प्रौढ पतंग स्लॉथचे रक्त शोषत नाहीत.

प्रसार

ॲ. व्हेरियमचा प्रसार मध्य अमेरिकेच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंत आहे. कोस्टा रिका, पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएला, सुरिनाम, फ्रेंच गयाना, पेरू, बोलिव्हिया आणि ब्राझील येथे तिची नोंद झाली आहे. ब्राझीलमध्ये ती ॲमेझॉनच्या खोऱ्यात तसेच अटलांटिक किनाऱ्यालगतच्या वनांत आढळते. ॲ. गेयीची नोंद पनामा, ब्राझील आदी देशांत आहे. आफ्रिका, आशिया व युरोप येथे स्लॉथ नसल्यामुळे या गोचिडींचा नैसर्गिक आढळही नाही.

आरोग्य व संवर्धन

या गोचिडींत रिकेट्सिया गटातील जीवाणू आढळले आहेत. या गटातील काही जाती माणसात ताप आणणारे रोग निर्माण करतात, तर काही निरुपद्रवी मानल्या जातात. म्हणून गोचिडीत जीवाणू सापडणे म्हणजे रोगाचा प्रसार होणे असे नव्हे. मात्र जखमी वा जप्त केलेले स्लॉथ एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेताना त्यांच्या अंगावरील गोचिडी व त्यांतील जीवाणूही स्थलांतरित होतात. त्यामुळे सोडण्यापूर्वी अशा प्राण्यांची तपासणी महत्त्वाची ठरते.

एकाच गटातील यजमानांवर अवलंबून असलेला परजीवी यजमानाबरोबरच नष्ट होऊ शकतो. याला सहविलोपन म्हणतात. ब्राझीलच्या अटलांटिक वनांचा मोठा भाग तोडला गेला असून तेथील आयाळधारी स्लॉथ संकटात आहेत. वने तुटून स्लॉथ विरळ झाले की प्रौढ गोचिडींना यजमान मिळणे कठीण होते. यजमानाच्या संवर्धनात त्याच्या परजीवींचे अस्तित्वही गुंतलेले असते, हे या गोचिडींच्या उदाहरणावरून दिसते.