पाठीवरचा पॅच: कुणाचा, कुणाच्या परवानगीने?

मागच्या खेपेला आपण लष्करी पदकांबद्दल बोललो होतो. आज विषय कापडाच्या तुकड्याचा आहे. हसू नका, या तुकड्यापायी माणसं मेली आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी परतलेले कितीतरी तरुण सैनिक मोटरसायकलींकडे वळले. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या छोट्या गावात शर्यतींसाठी हजारो जण जमले. दारू झाली, दंगा झाला. 'लाइफ' मासिकात बाटल्यांच्या ढिगाऱ्यात मोटरसायकलवर बसलेल्या एका माणसाचा फोटो छापून आला आणि देशभर बोभाटा झाला. त्यावर अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन म्हणाली, की नव्व्याण्णव टक्के चालक सभ्य असतात, असं सांगतात. गंमत अशी, की असं काही बोलल्याची नोंद खुद्द असोसिएशनलाच सापडलेली नाही! पण उरलेल्या 'एक टक्क्या'त काही क्लबांनी अभिमानाने आपलं नाव घातलं आणि चौकटच्या आकारातला '१%' पॅच जाकिटावर शिवला.

आता पाठीकडे या. वरच्या कमानीत क्लबचं नाव, मधे चिन्ह, खालच्या कमानीत प्रदेश. या कमानींना रॉकर म्हणतात. असे तीन वेगळे तुकडे म्हणजे पूर्ण सदस्य. उमेदवाराला आधी एखादाच तुकडा मिळतो, बाकीचे कमवायचे. जाकीट माणसाचं असलं तरी पॅच क्लबचा. क्लब सोडला की परत करायचा. दुसऱ्याच्या जाकिटाला हात लावायचा नाही, सहज कौतुकानेसुद्धा नाही. हौशी रायडिंग क्लब म्हणून तर एकच अखंड पॅच लावतात आणि 'एमसी' ही अक्षरं टाळतात. आम्ही तीन तुकडेवाल्यांपैकी नाही, हे दुरूनच कळावं म्हणून.

खरी मेख खालच्या कमानीत आहे. तिथे राज्याचं नाव लावणं म्हणजे त्या मुलखावर हक्क सांगणं. नवा क्लब काढायचा तर तिथल्या प्रबळ क्लबला आधी विचारायचं, हा रिवाज. आपल्याकडे गावच्या पाटलाला विचारून तमाशाचा फड लावावा, तसंच काहीसं. १९६९ साली निघालेल्या, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या मंगोल्स क्लबने 'कॅलिफोर्निया' लावलं. हेल्स एंजल्सना ते खपलं नाही. १९७७ मध्ये दोन मंगोल्स महामार्गावर गोळ्या घालून मारले गेले. पुढे टेक्सासमध्ये 'टेक्सास' या शब्दावरून बँडिडोज आणि कोसॅक्स यांच्यात धुमसत होतं. १७ मे २०१५ रोजी वाको इथल्या एका रेस्टॉरंटबाहेर नऊ जण ठार झाले. काहींना पोलिसांच्याही गोळ्या लागल्या होत्या. १७७ जणांना अटक झाली, शिक्षा एकालाही नाही. याला रिवाज म्हणायचं की दहशत? आम्हाला वाटतं, परवानगी मागणाऱ्याला नकार ऐकून सुखरूप घरी जाता येत नसेल, तर ती परवानगी नव्हेच.

मग सरकारने वेगळीच युक्ती काढली. मंगोल्सचं चिन्ह नोंदणीकृत ट्रेडमार्क होतं. तेच जप्त करायचं, म्हणजे पोलिसांना रस्त्यात जाकीट उतरवून घेता येईल, असं सरकारी वकील २००८ मध्ये सांगत होते. दहा वर्षं प्रकरण चाललं. ज्यूरीने क्लबला दोषी धरलं, जप्तीलाही कौल दिला. पण २०१९ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी जप्ती नाकारली: चिन्ह अंगावर वागवणं ही अभिव्यक्ती आहे आणि हिंसा न केलेल्या सदस्याचाही तो हक्क आहे. म्हणजे दंगेखोर मानल्या गेलेल्यांच्या पाठीवरचं कापड त्या निकालात राज्यघटनेच्या आधाराने टिकलं.

आपल्या पुण्या-मुंबईच्या रायडर मंडळींचं काय, हा प्रश्न येणारच. लडाखचा, गोव्याच्या मेळाव्याचा पॅच खुशाल छातीवर लावा. ती प्रवासाची आठवण आहे, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण ऑनलाइन मिळतो म्हणून कुणाचा तीन तुकड्यांचा पॅच मागवून पाठीवर शिवू नका. निदान तो घालून कॅलिफोर्नियात भाड्याची हार्ले तरी काढू नका.