शून्याच्या बातमीत मागे पडलेला ताळा

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने बख्शाली हस्तलिखिताचे कार्बन कालमापन जाहीर केले आणि देशभर एकाच टिंबाची चर्चा झाली: शून्याच्या. तपासलेल्या तीन भूर्जपत्रांचे काळ मात्र शतकांनी दूर निघाले. सर्वांत जुने इ.स. २२४ ते ३८३ मधले, सर्वांत अलीकडचे ८८५ ते ९९३ मधले. मजकूर एकसंध दिसत असताना हे कसे, असा आक्षेप गणिताच्या इतिहासकारांनी लगेच घेतला.

या गदारोळात हस्तलिखितातील गणिते कोणी फारशी वाचली नाहीत. १८८१ मध्ये पेशावर परिसरातील बख्शाली गावी जमिनीत सापडलेली ही ७० पत्रे, काही तर नुसते तुकडे, म्हणजे सोडवलेल्या उदाहरणांचा संग्रह आहे. आधी सूत्र, मग उदाहरण, मग आकड्यांची मांडणी म्हणजे ‘स्थापना’, नंतर ‘करण’ आणि शेवटी ‘प्रत्यय’. शाळेच्या वहीतला ताळा तो हाच.

त्यातले एक उदाहरण असे. राजाच्या दोन सेवकांपैकी एकाला रोज १३/६ दीनार मिळतात, दुसऱ्याला ३/२. पहिला दुसऱ्याला १० दीनार देणे लागतो. ते फेडल्यावर दोघांची रक्कम किती दिवसांनी समान होईल?

रोजच्या मिळकतीतला फरक १३/६ − ९/६, म्हणजे २/३. दहा दीनार एकाकडून जातात आणि दुसऱ्याकडे येतात, म्हणून भरून काढायचे अंतर २०; दहा नव्हे. बहुतेकांची चूक इथेच होते. २० भागिले २/३ म्हणजे ३० दिवस.

उत्तर आले, तरी गणित संपत नाही. आता त्रैराशिकाने ताळा: एका दिवसाला १३/६, तर ३० दिवसांना ६५, एका दिवसाला ३/२, तर ३० दिवसांना ४५. पहिल्याचे १० गेले, उरले ५५. दुसऱ्याला १० मिळाले, झाले ५५.

लेखनपद्धती मात्र आजच्या विद्यार्थ्याला गोंधळात टाकेल. अपूर्णांकात मधली रेघ नाही, आणि ऋण संख्येपुढे चक्क आपल्या अधिकासारखी फुली आहे.

पत्रे ठिसूळ, कडा झडलेल्या. तरीही गळलेले अनेक आकडे संपादकांना पुन्हा भरता आले, कारण तीच संख्या मांडणीत, करणात आणि ताळ्यात पुन्हा पुन्हा येते.